पत्रास कारण की

मायेची पत्रे आणि कामाची पत्रे ह्यांत मोठे अंतर आहे. आजीला लिहिलेल्या पत्रात कोणत्या गोष्टीनंतर कोणती यावी, ह्याला काही बंधन नसते. गाय व्याली, संत्र्याला बहार आला, धाकट्याचा दात पडला, परीक्षा जवळ आली. जे जसे सुचेल तसे लिहावे. आजी ते पत्र चार वेळा वाचते, शेजारणीलाही वाचून दाखविते, आणि पत्र संपले म्हणून हळहळते. कामाच्या पत्राचे तसे नाही. ते वाचणारा मनुष्य आपल्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे अशाच पत्रांचा ढीग पडलेला असतो. त्याला आपला राग येतो असे नव्हे. त्याला फक्त इतकेच हवे असते, की ह्या गृहस्थाचे म्हणणे काय, आणि मी आता काय करावे?

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. एखाद्या जुन्या घरातील पत्रांचे गाठोडे सोडून पाहा. आरंभी देवाचे नाव, मग मायना, मग 'वि. वि.', म्हणजे विनंती विशेष. आणि लगेच 'पत्रास कारण की'. किती नेमके शब्द आहेत हे! पत्र कशासाठी लिहिले, ते ह्या तीन शब्दांच्या पुढे लिहिणाऱ्याला सांगावेच लागे. आज आपण कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर 'विषय' म्हणून जी ओळ लिहितो, ती ह्या 'कारण की'चीच धाकटी बहीण होय.

त्या एका ओळीवर काय काय अवलंबून असते, ते मला माझ्या एका वर्गमित्राने सांगितले. तो अमरावतीच्या एका मोठ्या कचेरीत कितीतरी वर्षे बारनिशीवर होता. बारनिशी हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला नसेल. कचेरीत येणाऱ्या आणि कचेरीतून जाणाऱ्या टपालाची जिथे नोंद होते, ती बारनिशी. सकाळी टपालाची थैली उपडी झाली, की एकेक पाकीट फोडायचे, पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा, वहीत नोंद करायची आणि ते पत्र कोणत्या टेबलाकडे जायचे ते ठरवायचे. तो म्हणे, "सबंध पत्र वाचायला मला सवड कोठली? मी पत्राचे कपाळ पाहतो." कपाळ म्हणजे विषयाची ओळ. जिथे नुसते 'तक्रारीबाबत' एवढेच लिहिलेले असे, तिथे त्याचा हात अडे. तक्रार कशाची? पाण्याची, रस्त्याची की निवृत्तिवेतनाची? असे पत्र सावकाशीने पाहू म्हणून तो बाजूला ठेवी, आणि त्याच्या मागून आलेली दहा पत्रे त्याच्या आधी आपापल्या टेबलावर जाऊन बसत.

माझे वडील अकोल्यास एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात दिवाणजी होते. कापसाच्या हंगामात मुंबईहून भावाच्या तारा येत, इकडून तिकडे तारा जात. तारेचे पैसे शब्दांवर पडत. पत्त्यातले शब्दही मोजले जात; म्हणून मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी तारेपुरते अगदी आखूड पत्ते नोंदवून ठेवलेले असत. वडील तारेचा मजकूर आधी एका चिठोऱ्यावर लिहीत, बोटांवर शब्द मोजीत, एखादा खोडीत, पुन्हा मोजीत. मी एकदा त्यांना विचारले, "आणखी एक शब्द काढला तर?" ते म्हणाले, "काढता येईल. पण मग मुंबईचा माणूस उलट तार करून विचारील, आणि दोन तारांचे पैसे पडतील." थोडक्यात लिहिणे वेगळे आणि अपुरे लिहिणे वेगळे, हे मला त्या उत्तराने कळले. पुढे मी मराठीची मोठी परीक्षा दिली, पुष्कळ ग्रंथ वाचले. परंतु हा भेद इतक्या सोप्या शब्दांत मला कोठे आढळला नाही.

१५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तिचे काम तोवर दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि ई-मेल ह्यांनी केव्हाच उचलले होते. ई-मेलचा जन्म १९७१ सालचा. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांत जाळ्यामार्फत पहिला निरोप धाडला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये जे वळसेदार 'ॲट' हे चिन्ह आपण घालतो, ते निवडले त्यानेच. गमतीची गोष्ट अशी, की त्या पहिल्या निरोपात काय लिहिले होते, ते पुढे त्याला स्वतःलाही आठवेना! आपल्या देशात सामान्य लोकांना इंटरनेटची सेवा मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. आणि मग हळूहळू कचेऱ्या, बँका, शाळा असे करीत ई-मेल आमच्या वऱ्हाडातल्या आडगावांपर्यंत येऊन पोहोचला.

ह्या नव्या पत्राला ना टपालहशील, ना शब्दांचे मोल. म्हणून माणसे सैल हाताने लिहितात. एकाच निरोपात चार कामे कोंबतात. विषयाची जागा रिकामी सोडतात. आणि ज्याचा त्या कामाशी काडीइतका संबंध नाही, त्यालाही एक प्रत धाडून देतात. ई-मेलच्या पानावर 'सी. सी.' अशी दोन अक्षरे असतात, ती कोठून आली ठाऊक आहे काय? ती कार्बन कॉपीची आहेत. टंकयंत्रावर पत्र छापताना दोन कागदांच्या मध्ये काळा कार्बन कागद ठेवीत, म्हणजे खालच्या कागदावर आपोआप दुसरी प्रत उमटे. चार प्रती हव्या असल्या, तर चौथीची अक्षरे इतकी पुसट येत, की ती कोणाला पाठवावी असा प्रश्न पडे. त्यामुळे प्रत कोणाला द्यायची, ह्याचा विचार आधी करावा लागे. आता शंभरावी प्रतही पहिलीइतकीच ठसठशीत निघते आणि तो विचार मागे पडला.

मराठीतून ई-मेल लिहिता येत नाही, अशी सबब काही जण सांगतात. ती आता चालायची नाही. पूर्वी एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्या संगणकावर उघडले, की अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसे. कारण प्रत्येक टंकाची मांडणी निराळी होती. युनिकोड ह्या जागतिक व्यवस्थेत १९९१ पासूनच देवनागरीला स्थान मिळालेले आहे. ती वापरात रुळल्यापासून धामणगावला लिहिलेला 'क्ष' धारणीलाही 'क्ष'च दिसतो.

कामाचे पत्र लिहिण्याची विद्या मात्र संगणकाने आणलेली नाही. ती मराठीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री होऊन गेला. कोणास कोणत्या मायन्याने लिहावे, ह्याचे नियम सांगणारी 'मेस्तके' परंपरेने त्याच्या नावावर सांगितली जातात. परंतु नियमांपेक्षा नमुना चांगला, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी शिवाजी महाराजांचे एक पत्र समजावून सांगत असे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले आहे. म्हणजे एका वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या नोकरांना धाडलेले हे कचेरीचे पत्रच म्हणा ना!

त्यात विषय काय आहे? तर पावसाळा तोंडावर आला आहे, आणि घोड्यांसाठी दाणा नि गवत साठविलेले आहे. ते जपून वापरा. एवढे सांगून दुसरा कोणी थांबला असता. महाराज थांबत नाहीत. आज मनास येईल तसे खर्चून टाकाल, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कोणाचे धान्य घ्याल, कोणाची भाकरी, कोणाचे गवत, कोणाचे सरपण, कोणाची भाजी. मग कष्टाने राहिलेला कुणबी गाव सोडून जाईल, आणि लोक म्हणतील, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे! असे एकामागून एक घडत जाणारे सारे चित्र ते समोर उभे करतात.

आणि त्यातला उंदीर तर मी कधी विसरणार नाही. रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका, असे सांगताना महाराज लिहितात, की नकळत एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि पागाच्या पागा बुडेल. 'आगीपासून सावध राहावे' असे चार शब्द लिहूनही आज्ञा पुरी झाली असती. पण ते वाचून हवालदार दिवा विझविताच झोपला असता, ह्याची खात्री काय? वात ओढणारा उंदीर एकदा डोळ्यांपुढे आला, की मनुष्य अंथरुणावरून उठून दिवा मालवतो. एवढ्या मोठ्या राजाने, डोक्यावर राज्याभिषेकाची धांदल असताना, चुलीतला निखारा, चिलमीतली ठिणगी आणि दिव्याची वात ह्यांचा विचार केला. कारण ज्याच्या हाती ते पत्र पडायचे होते, तो शिपाई रात्री कसा वागतो, हे त्यांना ठाऊक होते. महाराजांच्या पत्राच्या शेवटी एक लहान मुद्रा उमटविलेली असे: 'मर्यादेयं विराजते'. पत्राची मर्यादा येथे झाली, असा तिचा अर्थ. तिच्याखाली कोणाला काही घुसडता येत नसे.

आता एक अलीकडची हकीकत सांगतो. २०११ साली मी एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. अकोल्याहून अमरावतीकडे जाणारा जो हमरस्ता आहे, त्याच्यापासून थोडे आत ते गाव होते. पहिल्याच आठवड्यात सातवीच्या वर्गावर शेवटच्या तासाला गेलो, तो मुलींचे दोन बाक जवळजवळ रिकामे. "मुली कोठे गेल्या?" असे विचारताच एक मुलगा म्हणाला, "सर, त्यायची बस हाय ना!"

दुसऱ्या दिवशी मुलींकडून उलगडा झाला. शेजारच्या तीन गावांकडे जाणारी बस आमच्या थांब्यावरून ४.५० ला सुटे, आणि शाळा सुटे ५ वाजता. ती बस चुकली, की पुढची एकदम ७.१५ ला. "मंग घरी जायाले आठ वाजते, सर," एक मुलगी म्हणाली. दिवाळीनंतर सहालाच दिवेलागण होते. म्हणून मुली रोज शेवटचा तास सोडून जात. तो तास बहुधा गणिताचा असे. दोघींच्या घरी, पुढच्या वर्षापासून शाळा बंद, असे बोलणेही सुरू झाले होते.

मी कार्यालयातील जुनी नस्ती काढून पाहिली. माझ्या येण्यापूर्वी दोन वर्षांत बसच्या आगाराकडे तीन पत्रे गेलेली होती. तिन्हींचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच होता: बसेसच्या अनियमिततेमुळे विद्यार्थ्यांचे अतोनात शैक्षणिक नुकसान होत असून आपण जातीने लक्ष घालून योग्य ती कार्यवाही त्वरित करावी. एका पत्राला उत्तरही आले होते, की आपल्या मार्गावरील सर्व फेऱ्या नियमित सुरू आहेत. मला हसू आवरेना. उत्तर अगदी खरे होते! बस रोज ठरलेल्या वेळी, मिनिटाचाही फरक न होता सुटत होती, आणि तेच तर सारे दुखणे होते. पत्रात कोणती बस ते नव्हते, किती वाजताची ते नव्हते, किती मुली ते नव्हते, आणि नेमके काय करावे तेही नव्हते. आगारातल्या माणसाने बिचाऱ्याने आणखी काय लिहावे?

मग मी सातवीचा मराठीचा तास ह्या कामी लावला. खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "मी आगाराचा व्यवस्थापक. माझ्यासमोरच्या भिंतीवर सबंध तालुक्यातल्या फेऱ्यांचा तक्ता आहे. बोला, काय काम आहे?"

"साहेब, आमची बस लवकर जाते," एक मुलगी उठून म्हणाली.

"कोणती बस?"

"संध्याकाळची."

"संध्याकाळी माझ्या पुष्कळ बसेस सुटतात."

"चार-पन्नासची!" तीनचार जणी एकदम ओरडल्या. मी तो आकडा फळ्यावर लिहिला.

"ती तर वेळेवर सुटते. मग अडचण काय?"

"पन आमची शाळा पाचले सुटते!"

"किती मुली जातात ह्या बसने?"

वर्ग गप्प झाला. हे कोणी मोजलेच नव्हते. दोघी जणी पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांतून फिरून आल्या आणि आकडा घेऊन आल्या: २३.

"बरे, मग बस किती वाजता सोडू?" ह्यावर वाद माजला. कोणी पाच म्हणाले, कोणी सहा. शेवटी मघाचीच मुलगी विचार करून म्हणाली, "दप्तर भरून थांब्यावर पोचाले दहा मिनिटं लागते. सव्वापाच करा."

"शनिवारीही सव्वापाच?" मी विचारले. वर्गात एकच हशा पिकला, कारण शनिवारी शाळा सकाळची असे.

माझे प्रश्न संपले तेव्हा फळा भरला होता, आणि पत्र जवळजवळ लिहून झाले होते. त्या दिवशी वीज भारनियमनातून मोकळी झाल्यावर दोघी मुलींनी शाळेच्या एकुलत्या एका संगणकावर ते टंकलिखित केले. ते असे होते:

विषय: सायंकाळी ४.५० ची बस ५.१५ वाजता सोडण्याबाबत

महोदय,

आमच्या गावच्या थांब्यावरून ४.५० वाजता सुटणाऱ्या बसने आमच्या शाळेतील २३ मुली शेजारच्या तीन गावांना जातात. शाळा ५ वाजता सुटते, त्यामुळे त्यांना रोज शेवटचा तास सोडावा लागतो. पुढची बस ७.१५ वाजता आहे. तिने गेल्यास घरी पोहोचण्यास आठ वाजतात.

ही बस सोमवार ते शुक्रवार ५.१५ वाजता सोडावी, अशी विनंती आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून त्या दिवशीच्या वेळेत बदल नको. मुलींची गाववार यादी व शाळेचे वेळापत्रक सोबत जोडले आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा १४ नोव्हेंबरला उघडते. त्यापूर्वी कळविल्यास पालकांना सांगता येईल.

खाली माझे नाव, हुद्दा आणि शाळेचा दूरध्वनी क्रमांक. आमचे लिपिक वयाने ज्येष्ठ होते. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले आणि म्हणाले, "एवढेच? 'सविनय सादर' नाही, 'तसदीबद्दल क्षमस्व' नाही. साहेबांना उद्धट नाही का वाटणार?" मी म्हटले, विनंती केली आहे, महोदय म्हटले आहे, आणि त्यांचा वेळ वाचविला आहे, आदर ह्याहून निराळा कसा दाखवायचा असतो? गावातले एक पुढारी गृहस्थ तेथेच बसले होते. त्यांचे म्हणणे, शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' एवढे तरी घालाच. त्याशिवाय कागद हलत नाही. माझ्या आधी ती मुलगीच म्हणाली, "पन काका, त्यायनं अजून नाही म्हटलंच नाही ना!"

ई-मेल गेला. चौथ्या दिवशी आगारातून दूरध्वनी आला. व्यवस्थापकांनी यादी आणि वेळापत्रक दोन्ही पाहिलेली होती. ते म्हणाले, ५.१५ जमणार नाही, कारण हीच गाडी परत येऊन पुढच्या मुक्कामाच्या फेरीला लागते; पण ५.१० जमेल. चालेल काय? मी खिडकीतून मुलींना विचारले. त्या म्हणाल्या, "पयत जाऊ, सर!" शनिवार होता तसाच राहिला.

१४ नोव्हेंबरला शेवटच्या तासाला बाक भरलेले होते. आठ दिवसांनी त्या दोघी पुन्हा कार्यालयात आल्या. आणखी एक ई-मेल पाठवायचा आहे म्हणाल्या. दोनच ओळी होत्या: बस रोज ५.१० ला सुटते, सर्व २३ मुली आता शेवटचा तास करून घरी जातात, आभारी आहोत. विषयाच्या ओळीत त्यांनी लिहिले होते, 'बस वेळेवर येते, हे कळविण्याबाबत'. आगारात तो छापून घेऊन फेऱ्यांच्या तक्त्याशेजारी लावला आहे, असे पुढे त्या मार्गावरच्या वाहकाने मुलींना सांगितले.